दोन इंच तीन सूत

॥ श्री ॥

मिनियापोलिस,
२ जून

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

पाकीट फोडल्यावर आतून एक काळं प्लॅस्टिकचं कडं पडेल. ते फेकू नका, आणि आईलाही फेकू देऊ नका. हे पत्र त्या कड्यासाठीच लिहिते आहे. फोनवरच सांगणार होते, पण "माप तोंडी सांगायचं नसतं, कागदावर द्यायचं" हे ऐकत मी उद्यमनगरात लहानाची मोठी झाले. तेव्हा हा कागद.

तर, तुमच्या जावयांनी बोट घेतली. तुम्ही विचाराल, कशाला? मीही विचारलं होतं. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं, आणि तो आकडा सरकारने विनयाने कमी सांगितलेला आहे. दहा एकरांपासून पुढची तळी मोजली तर ११,८४२ भरतात. आपल्याकडे एक रंकाळा, त्याच्या काठावर अख्खं गाव भेळ खातं. इथे हिवाळ्यात ही तळी गोठतात आणि लोक त्यांच्यावरून ट्रक हाकतात. बर्फ वितळला की तेच लोक त्याच ट्रकमागे बोटी जोडतात. मे महिन्यात मासेमारीचा हंगाम उघडतो, त्या शनिवारी बेंदराला बैल निघावेत तशा गल्लीतून बोटी निघतात. आमच्या दारात बैल नव्हता. ह्यांना ते सहन झालं नाही.

बोट सोळा फुटी, अॅल्युमिनियमची, वयाने आपल्या थोरल्याच्या दुप्पट. विकणारा म्हणाला, "सगळं ठाकठीक आहे, फक्त सीट जरा हलते." ह्यांनी पुढचं ऐकलंच नाही. बोटीतल्या सीटा न्हाव्याच्या खुर्चीसारख्या असतात. खाली तळाला एक बेस, बेसच्या भोकात उभा खांब, खांबाच्या डोक्यावर गिरकी घेणारी प्लेट आणि तिच्यावर सीट. बसल्या जागी सगळीकडे वळता यावं, म्हणजे मासा कुठूनही आला तरी त्याच्याकडे पाठ व्हायला नको.

पहिल्या दिवशी आम्ही मंडळातल्या वहिनींना फिरायला नेलं. त्या दिवशी एकादशी. वहिनी मधल्या सीटवर, मांडीवर साबुदाण्याच्या खिचडीचा डबा. ह्यांनी बोट वळवली. सीट आधी डावीकडे कलली, मग मागे, मग तिने अशी गिरकी घेतली की वहिनी आमच्याकडे पाठ करून आणि डबा तळ्याकडे तोंड करून. वहिनी वाचल्या. मिनेसोटाचा राज्यमासा वॉलआय, पक्का मांसाहारी. त्याला त्या दिवशी एकादशी घडली.

(त्याच दिवशीची आणखी एक गोष्ट, आईला सांगू नका. तळ्यातून निघताना बोटीचं बूच काढून सगळं पाणी सोडायचं असा इथे कायदा आहे, एका तळ्यातले उपद्रवी शिंपले दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. पुढच्या वेळी उतरण्याआधी ते बूच परत लावायचं, हा मात्र कायदा नाही, ती अक्कल. ती आम्हाला दुसऱ्या फेरीत आली, घोट्यापर्यंत.)

घरी येऊन मी खांब उपसला. बेसच्या आत हे काळं कडं होतं, म्हणजे तुमच्या भाषेत बुश. वर्षानुवर्षं माणसं बसली, वळली, उठली आणि बुश एका बाजूने झिजला. खांबात प्ले आला. ह्यांचं निदान वेगळं होतं. ते म्हणाले, स्क्रू आवळू या. स्टेनलेसचे स्क्रू, अॅल्युमिनियमचा बेस, मध्ये पाणी. दोन धातूंचं तिथे इतकी वर्षं काय चाललं होतं ते पांढऱ्या भुकटीवरून कळत होतं. तीन स्क्रू जागचे हलेनात. चौथा इतका सहज फिरला की आम्हाला आनंद झाला. तो फिरतच राहिला. खालचं प्लायवूड कुजलं होतं.

मग उपाय सुरू झाले. ह्यांनी कोल्ड्रिंकचा डबा कापून त्याची पट्टी खांबाभोवती गुंडाळली. ही युक्ती तुमचीच, पण तुम्ही ती दोन तासांसाठी करता, हे दोन महिन्यांचा भरवसा धरून बसले. पट्टी दोन दिवसांत चुरगळून बाहेर आली. थोरल्याने शाळेतल्या थ्रीडी प्रिंटरवर बुश छापून आणला. दिसायला अगदी झकास! ताडपत्रीखाली बोट उन्हात तापली तसा तो गुळाच्या ढेपेसारखा मऊ पडला, आणि संध्याकाळी गार झाला तेव्हा खांबाला घट्ट चिकटून. तो काढायला लागलेला वेळ मी इथे लिहीत नाही.

आता खरी कथा. इथल्या मोठ्या दुकानात बोटीच्या सामानाची भिंतच्या भिंत भरलेली आहे. पोऱ्याने विचारलं, "साइज काय?" म्हटलं, साइज विचारायलाच आलेय. बाबा, या खांबांचे किती प्रकार असतात! पाऊण इंचाची पिन. दोन इंच तीन सूत. दोन इंच सात सूत. आणि एक १.७७ इंच. हा शेवटचा ऐकून मला तुमची आठवण झाली. हे कुठल्या सुतात बसतं? घरी येऊन गुणाकार केला, तर पंचेचाळीस मिलिमीटर! मेट्रिक माल अमेरिकेत इंचाचा कोट घालून हिंडतोय. त्यातही कुणाचा खांब निमुळता, कुणाचा सरळ. दिसायला सगळे सख्खे भाऊ आणि एकाची चप्पल दुसऱ्याला होत नाही.

पोऱ्या म्हणाला, "पूर्ण सेटच घ्या. बेस, खांब, प्लेट." मी म्हटलं, मला फक्त बुश हवा. तो माझ्याकडे, मी शर्टाचं एक बटण विकत घ्यायला आल्यासारखा बघत राहिला. सेट घेतला असता, पण नव्या बेसची भोकं जुन्या भोकांवर येत नाहीत, म्हणजे कुजक्या प्लायवूडला आणखी चार भोकं. आणि खांब करणाऱ्यांनी हा नमुना केव्हाच बंद केलाय. एका मशीन शॉपला फोन लावला. त्यांनी ड्रॉइंग मागितलं, मग म्हणाले शंभर नगांच्या खाली काम घेत नाही. शंभर बुश! एवढ्या सीटा तर रंकाळ्यावरच्या सगळ्या बोटींना मिळूनही नसतील.

शेवटी गावाबाहेर बोटींच्या भंगारात गेले. तिथे मात्र मला माहेरी आल्यासारखं वाटलं. ग्रीसचा वास, पत्र्याचा आवाज आणि एक सत्तरीचे आजोबा. बादल्यांमध्ये खांब, बेस, प्लेटा, सगळं निवडून ठेवलेलं. ते म्हणाले, "बसवून बघ, बसला तर तुझा." मी पर्समधून तुम्ही दिलेला व्हर्नियर काढला. आजोबांनी कॉफीचा कप खाली ठेवला. त्या क्षणापासून ते माझ्याशी वेगळ्याच आवाजात बोलू लागले, आणि ह्यांच्याशी बोलेनासेच झाले.

त्यांनीच सांगितलं की बोटीमागची मोटर धंद्यात पहिल्यांदा यशस्वी केली ती शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या ओले इव्हिन्रूडने, १९०९ च्या सुमारास. नॉर्वेहून आलेला, पॅटर्न मेकर. म्हणजे तुमच्या फौंड्रीशेजारच्या सुताराचाच जातभाई. म्हणतात, उन्हाळ्यात एकदा होणाऱ्या बायकोला आइस्क्रीम हवं होतं, म्हणून तो वल्हवत गेला, परत येईस्तो ते वितळलं, आणि त्यावरून ही कल्पना सुचली. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बादलीत बघत होते.

भंगारात आमच्या मापाचे तीन बेस निघाले, बुश तिन्हींचे आमच्यासारखेच झिजलेले. जे झिजतं ते सगळीकडे सारखंच झिजतं, नाही तर ती माणसं बोट कशाला विकतील. एक बरा खांब मात्र मिळाला. प्लायवूडची कुजकी चौकट कापून ह्यांनी नवी बसवली, कडांना रेझिन पाजून. तेवढं काम त्यांनी सुंदर केलं, हे पत्रात लिहायला त्यांनी दोनदा सांगितलं.

तर आता माप. सोबतचा बुश नमुना म्हणून फक्त आकारासाठी वापरा, मापासाठी नको. आतून तो लंबगोल झालाय. नवा खांब दोन इंच तीन सूत, व्हर्नियरवर ६०.३ मिमी.

बुशचा आतला व्यास ६०.६.
बाहेरचा ६६.५.
लांबी ५० आणि वर ३ मिमीची कॉलर.

नायलॉन नको, पाणी पितं आणि फुगतं, मग सीट फिरायचीच नाही. डेल्रिन घ्या. आपल्या कोपऱ्यावरच्या लेथवर चहा येईपर्यंत होईल, मी लहानपणी हजारदा पाहिलंय.

आम्हाला तीन लागतात, पण तुम्ही नऊ करा. आजोबांनी चार मागितलेत, दोन शेजाऱ्याला. त्याची सीट गेल्या वर्षापासून डुगडुगते, हे त्याने ह्यांचा बुश बघितल्यावर कबूल केलं. जुलैत येताना हातातल्या पिशवीत ठेवू नका, चटणीच्या डब्याशेजारी मोठ्या बॅगेत टाका.

आणि एक. आईला मी सांगितलंय की इथे आल्यावर तिला बोटीतून फिरवणार, सोफ्यासारखी सीट आहे. तेव्हा बुशचं काम तिच्यासमोर करून घेऊ नका. आतला व्यास तेवढा दोनदा तपासा.

तुमची,
चिमी