तो नही म्हनस

आप्पांमुळे माझी भुसावळची गाडी आजवर तीनदा चुकली आहे आणि तिन्ही वेळा कारण एका चोराचं. शिंदखेडा स्टेशनावर गाडी थांबते ती चढणाऱ्यानं चढावं आणि उतरणाऱ्यानं उतरावं एवढीच. नेमके तेवढ्यात आप्पा कुठून तरी उगवतात, माझ्या पिशवीचा बंद धरतात आणि पडलेल्या चेहऱ्यानं सांगतात, "भाऊ, तो नही म्हनस."

'तो' कोण, हे गावात कोणी विचारत नाही. तो म्हणजे भुरक्या, आप्पांच्या कादंबरीचा नायक. पहिल्या भागात भुरक्यानं झोपलेल्या तापीमाईच्या पायातलं पैंजण चोरलं. हा पहिला भाग कोणीही वाचलेला नाही, पण अख्ख्या गावाला तोंडपाठ आहे. पैंजण गेलं तसा नदीचा आवाज गेला, आवाजामागून पाणी गेलं आणि कोरड्या पात्रात सातपुड्यातला एक राक्षस वस्तीला आला. पैंजण कुठं लपवलंय ते एकट्या भुरक्याला ठाऊक. तेव्हा दुसऱ्या भागात त्यानं ते शोधून काढायचं, राक्षसाला लोळवायचं, राज्य वाचवायचं. आणि भुरक्या नाही म्हणतो. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली.

"मुडावदपर्यंत आणला होता मी त्याला," आप्पा सांगतात. "कपिलेश्वराच्या पायऱ्यांवर बसवला. समोर तापी-पांझरेचा संगम. म्हटलं, बाबा, आता तरी ऊठ. तर मला विचारतो, बिडी आहे का?"

मी म्हटलं, "मग द्यायची एक."

"दिली ना! दोन पानं गेली बिडीत. वढी लिधी आनि परत नही म्हनस."

तुमच्या गावातही असे एक आप्पा असणार. या मंडळींचा पहिला भाग कुणाच्या दृष्टीस पडत नाही आणि दुसरा कधी संपत नाही. पण बाकीच्यांचे नायक निदान लेखकाचं ऐकतात. आमच्या आप्पांची सगळी हयात जिनिंगमध्ये काट्यावर गेली. कापसाच्या गाडीत पाणी किती मारलंय ते नुसत्या नजरेनं सांगणारा हा माणूस. हमाल, व्यापारी, आडते सगळे त्याला वचकून असत, आणि स्वतःच्या कागदावरचा एक भुरटा चोर त्याला भीक घालत नाही.

पण म्हणून आप्पांनी अभ्यास सोडला असं नाही. एका आखाजीला ते आमच्याकडे पुरणपोळी खायला आले. रस वाढता वाढता बायकोनं "अजून घ्या" म्हटलं, तर आप्पा म्हणाले, "वहिनी, तुम्ही पाटल्या कुठं ठेवता?" तिच्या हातातली वाटी कलंडली. आप्पांचा आपला शास्त्रीय प्रश्न: चोर आधी कपाट बघेल की धान्याची कोठी? त्या रात्रीपासून हिनं पाटल्यांची जागा तीनदा बदलली आणि चौथ्यांदा स्वतःच विसरली. ज्वारीच्या कोठीत सापडल्या, त्याही दिवाळीला. आप्पांना कळलं तेव्हा ते खुलले. "म्हणजे माझा अंदाज बरोबर होता," म्हणाले.

पोलीस ठाण्यातही ते असेच गेले होते, कोठडीचं कुलूप आतून उघडता येईल का ते विचारायला. दुसरा कोणी असता तर आतूनच तपासून बघायची सोय झाली असती. आप्पांना चहा मिळाला. आता बाजारात हवालदार भेटले की तेच आधी विचारतात, "काय आप्पा, झाला का तयार तुमचा आरोपी?"

"तो नही म्हनस ना, साहेब."

हे शब्द आता गावानं उचलले आहेत. स्थळ बघून आलेला मुलगा मोबाईलमध्ये तोंड घालून बसला की त्याची आई म्हणते, तो नही म्हनस. बँकेत कॉम्प्युटर बंद पडला की शिपाई सांगतो, तो नही म्हनस. चहाच्या टपरीवर कोणीतरी तोडगा काढला, "आप्पा, त्याला नगरपंचायतीचं तिकीट द्या, एका रात्रीत तयार होईल." आप्पा रागावले. चोर असला म्हणून काय झालं, त्यालाही काही इभ्रत आहे, म्हणाले. नळाला पाणी आलं नाही त्या दिवशी हंडे घेऊन बसलेल्या बायका तर आप्पांनाच धरतात, "आप्पा, सांगा ना त्या मेल्याला, देऊन टाक म्हणावं पैंजण!" सुलवाड्याला तापीवर बॅरेज झालं, तिथं पाणी अडलं, पण आमच्या गल्लीतल्या बायकांचा भरवसा अजून भुरक्यावर आहे.

एकदा आम्ही दोघं एका घरी दारावर गेलो होतो. माणसं खाली माना घालून बसलेली. कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, "जायला नको होता." आप्पांनी सुस्कारा सोडला, "माझा तर जातच नाही." मला पंच्याच्या आत तोंड लपवावं लागलं. ते रडणं आहे असा लोकांचा समज झाला, म्हणून निभावलं.

मी त्यांना थोरामोठ्यांचे दाखले देऊन बघितले. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. काळापहाड काय, झुंजार काय, एकेक उभा केला आणि कामाला लावला. आप्पांना एक चोर जागचा हलवता येईना! त्यावर आप्पांनी थेट बनारस गाठलं. देवकीनंदन खत्रींनी 'चंद्रकांता संतति'मधल्या भूतनाथवर वेगळी कादंबरी लिहायला घेतली. तो ऐयारही असाच, मागे काळे धंदे करून बसलेला. 1913 साली खत्री गेले तेव्हा ती अर्धीच होती. मुलानं, दुर्गाप्रसादनं, पुरी केली.

"मग तुमचा मुलगा?"

"सुरतला आहे. साडीच्या दुकानात." थोडं थांबून म्हणाले, "विचारलं त्याला. तोबी नही म्हनस."

हसू आलं नाही असं हे एकच वाक्य. पण तेवढ्यात त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि मी पुन्हा भानावर आलो. आप्पांचं हे एक राहिलंच सांगायचं. भुरक्याचं चोरीचं अंग त्यांच्यात पुरतं उतरलं आहे. पेन मागतात, हातावर चालतं का बघतात आणि बोलता बोलता स्वतःच्या खिशाला लावतात. माझी आजवर अकरा गेली.

यंदा पावसाळ्यात वाचनालयाची मागची खोली गळली. मी समितीवर असल्यानं खराब पुस्तकांची निर्लेखनाची यादी करायचं काम माझ्या गळ्यात आलं. यादीवर सही झाली की पुस्तकं रद्दीत. रहस्यकथांचं कपाट उघडलं तर वाळवी, बुरशी आणि चिकटलेली पानं. रहस्यकथेचं शेवटचं पान वाचनालयात सहसा टिकत नाही. कोणीतरी आधी वाचतो आणि ते कुणाच्या तरी खिशात जातं. ही तर कव्हरंही गेलेली, नावाचा पत्ता नसलेली. आकडे टाकत होतो. एका पुस्तकाच्या शेवटी, फाटलेल्या पानांच्या जागी, वहीचे तीन रेघी कागद खळीनं चिकटवलेले दिसले. निळी शाई, बारीक अक्षर, वेलांट्या उजवीकडे कललेल्या.

मी उभ्यानं वाचलं. चोर खजिन्याची पेटी फौजदाराच्या ओट्यावर ठेवतो, दार वाजवतो आणि पळून जातो. सकाळी सत्काराची तयारी होते, हार येतात, वाजंत्री येतात. चोर तिकडे गावाबाहेर एका चहावाल्यापाशी बसलेला. चहावाला म्हणतो, जा की, तुझ्यासाठीच चाललंय. चोर म्हणतो, आधी अजून एक कप दे.

हा शेवट मला पाठ होता. सहावीत असताना गोधडीत बॅटरी लावून वाचला होता. पुढं नाशिकला हॉस्टेलवर रात्ररात्र पोरांना रंगवून सांगितला, माझ्या मुलीला सांगितला, आणि असा शेवट फक्त छापील पुस्तकातला मोठा लेखकच करू शकतो, असं बजावूनही सांगितलं.

आणखी बघितलं तर तसली सात निघाली.

पुस्तक घेऊन आप्पांकडे गेलो. ओट्यावर बाजेवर बसले होते. शेजारी कळण्याची भाकरी आणि ठेचा झाकून ठेवलेला. चष्मा वर करून त्यांनी तिन्ही कागद वाचले, चिकटवलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि पुस्तक परत केलं.

"हाई मन्हं अक्षर नही."

"आप्पा, वेलांट्या बघा."

"नही म्हटलं ना भो. वाचनालयाच्या पुस्तकात कोणी लिहितं का? दंड होतो." मग आवाज खाली आणून, "चहावाला बरा जमला आहे मात्र."

मी काही बोललो नाही. ते भुरक्याबद्दल बोलत राहिले. परवा रात्री तो पायऱ्यांवरून उठला होता म्हणे, दोन पावलं चाललाही, पण वाळू तापलेली होती म्हणून परत येऊन बसला. भाकरीवरचं फडकं त्यांनी दोनदा नीट केलं. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, नेहमी ठेवतात तसाच.

वाचनालयात परत येऊन बसलो. यादी समोर होती, रद्दीवाला हातगाडी घेऊन दारात उभा होता. सही करायला खिशात हात घातला.

पेन नव्हतं.