अण्णांचं हौसिंग

‘हौसिंगचं काय झालं, अण्णा?’ असं कुणी रस्त्यावरून ओरडून विचारलं, की गल्लीत नव्यानं राहायला आलेल्याला वाटतं, अण्णांनी कुठंतरी फ्लॅट बुक केला आणि बिल्डरनं टोपी घातली. तसं काही नाही. गाडीच्या मागच्या दोन चाकांमध्ये जो आडवा लोखंडी नळा असतो, मध्ये भोपळ्यासारखा फुगलेला, त्याला मिस्त्री लोक हौसिंग म्हणतात. भोपळ्याच्या पोटात क्राऊन-पिनियनची दातेरी चाकं आणि डिफरन्शियल. अण्णा स्वतःच्या हातानं एक गाडी बांधतायत आणि तिच्यासाठी हे हौसिंग गेली नऊ वर्षं निवडतायत.

सोलापुरात दर पेठेत असा एक अण्णा सापडतोच. आमचे अण्णा यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. बिघडलेल्या मागाला कान लावायचा आणि दुखणं सांगायचं. कारखाना सुटला, कान मात्र तसाच राहिला. रिकाम्या कानाचं करायचं काय, म्हणून त्यांनी भंगारातून फियाटचं १०८९ सीसीचं इंजिन गिअरबॉक्ससकट आणलं, सी-चॅनल कापून चासी बांधली, वर जुन्या जीपचं बॉनेट ठेवलं. पुढून जीप, मधून फियाट आणि मागून काहीच नाही, असं ते प्रकरण पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर उभं असतं. ‘यंदाच्या गड्ड्याच्या जत्रेला गाडी रस्त्यावर!’ ही घोषणा दर दिवाळीत होते. संक्रांत येते, सिद्धेश्वराचे सातही नंदीध्वज मिरवून जातात, होम मैदानावरचे पाळणे उतरतात. गाडी विटांवरच.

इंजिन फियाटचंच का, यालाही कारण आहे. ‘मास्तर, वालचंद हिराचंद कुठले?’ हा प्रश्न मला दर रविवारी असतो. १८८२ साली सोलापुरातच जन्मले, मोठे होऊन १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिथंच पुढं फियाट आणि पद्मिनी झाल्या. ‘म्हणजे मोटार आपल्या पाण्यातच आहे!’ आमच्या नळाला ते पाणी चार-पाच दिवसांनी येतं, एवढं सोडलं तर मुद्दा बिनतोड आहे. वालचंदशेठनी हौसिंग निवडायला नऊ वर्षं लावली असती तर काय झालं असतं, हे मी एकदा विचारलं होतं. त्या रविवारी चहा आला नाही.

डिफरन्शियल म्हणजे काय, हे मात्र मला अण्णांमुळेच कळलं. ‘तुमच्या शाळेत सव्वीस जानेवारीला पोरांची रांग वळते तेव्हा काय होतं? बाहेरचा पोरगा पळतो, आतला जागेवर पाय आपटतो. बैलगाडीची चाकं सुटी असतात, तिला फिकीर नाही. पण इंजिनानं दोन्ही चाकं फिरवायची आणि वळताना एकाला पळवायचं, दुसऱ्याला थोपवायचं, हे काम या भोपळ्याचं.’ तीस वर्षं संचलन घेतलं, पण आतल्या पोरावर मी कारण नसताना खेकसत होतो, हे तेव्हा उमगलं.

खरा घात केला नातवानं. त्यानं मोबाइलवर अमेरिकेतल्या हॉट रॉड दाखवल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्डचे पत्रे उतरवायची, इंजिनांची ताकद वाढवायची आणि आटलेल्या तळ्यांच्या सपाटीवर शर्यती लावायची. पुढं त्या गाड्यांना मागचं सामान कुठल्या गाडीचं घालायचं, याचं तिकडं शास्त्रच झालं. कुणी फोर्डचं नऊ इंची क्राऊनवालं हौसिंग घालतो, कुणी जुन्या जग्वारचं. त्या जग्वारची मागची दोन चाकं आपापली स्वतंत्र उडतात आणि ब्रेक चाकात नसून मध्ये, भोपळ्याला चिकटून असतात. हे पाहून अण्णा दोन रात्री झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘मास्तर, २००८ साली टाटांनी जग्वार घेतली. म्हणजे घरचीच!’ आणि थेट ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन जग्वारचं हौसिंग मागितलं. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, ‘चारशेसातचं देऊ का?’

मग देशी पर्याय सुरू झाले. ओम्नीचं हलकं आणि स्वस्त, पण ‘पोराची चड्डी बापाला’. ॲम्बेसिडरचं दणकट, पण भंगारवाल्याला त्याचं मोल अण्णांआधी कळलेलं. बोलेरोचं घातलं तर चाकं बॉडीबाहेर येतात, पंगतीत कोपरं काढून बसल्यासारखी. नेमकी तेव्हाच सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांची बातमी आली. त्यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी गाडी बनवली आणि आनंद महिंद्रांनी २०२२ च्या सुरुवातीला तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. वहिनींनी पेपर अण्णांच्या ताटाशेजारी ठेवला. अण्णांनी बातमी पूर्ण वाचली, कडक भाकरी शेंगाचटणीत बुडवली आणि म्हणाले, ‘बोलेरोचं हौसिंग रुंद पडतं.’

कायद्याचंही मी बोलून पाहिलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली सांगितलंय. ‘मूळ काही असलं तर बदल! माझ्या गाडीला मूळच कुठंय?’ यावर वकिलानं बोलावं. मी गणिताचा मास्तर.

अखेर गेल्या पावसाळ्यात जुन्या जीपचं हौसिंग पाट्यांसकट रिक्षा-टेम्पोतून घरी आलं. अंगणात शहाबादी फरशीवर ठेवलं, पावसाचा थेंब लागू नये म्हणून वर सोलापुरी चादर, लग्नात आलेली, मोराची. महिनाभर ते तिथं झोपलेल्या पाहुण्यासारखं पडून होतं. वहिनी सकाळी सडा घालताना त्याला वळसा घालायच्या. रविवारी मला बोलावणं आलं. एक चाक मी घट्ट धरून बसायचं, दुसरं अण्णा दोनदा फिरवणार आणि पुढची फ्लँज किती वेळा फिरते ते नातवानं खडूची खूण बघून मोजायचं. पाच पूर्ण आणि वर थोडं. ‘त्रेचाळीस दाती क्राऊन, आठ दाती पिनियन. पाच पूर्णांक अडतीस! कुठलाही घाट चढंल!’ अण्णांचा आवाज भरून आला होता. सोलापुरात चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल, हे मी त्या वेळी बोललो नाही.

अडचण निघाली ती वेगळीच. जीपचा भोपळा मधोमध नसतो, उजव्या अंगाला असतो. अण्णांनी तर स्टेअरिंगला जागा करायला इंजिन डावीकडं सरकवलेलं. आठ दिवस शेडमधून नुसता बिडीचा धूर येत होता. नवव्या दिवशी अण्णांनी अख्खं हौसिंग उताणं केलं. भोपळा आपसूक डावीकडं आला, प्रॉपेलर शाफ्ट सुतासारखा सरळ बसला. नळ्याच्या वरचा ब्रीदर खाली गेला आणि तेल ठिबकू लागलं, तिकडं कुणी पाहिलं नाही. पाट्यांच्या बैठकी नव्यानं वेल्डिंग केल्या, यू-बोल्ट आवळले. भोगीच्या दिवशी, गड्ड्याच्या अगदी तोंडावर, सगळ्या गल्लीनं गाडी ढकलून शेडबाहेर काढली. नारळ फुटला. अण्णा बसले, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी शांतपणे मागं गेली आणि नऊ वर्षं जिथं उभी होती, तिथंच विटांना जाऊन टेकली.

कोपऱ्यावरचे मिस्त्री खाली वाकून बघून आले. ‘उलटं बसवलाव की हो अण्णा! क्राऊन पिनियनच्या पलीकडं गेला. आता चार गिअर मागं जायला आणि एक पुढं.’

गल्ली हसली, पांगली. अण्णा मात्र उतरले नाहीत. स्टेअरिंगवर बोटं वाजवत बसले होते आणि चेहरा, खोटं कशाला सांगू, मला तरी उजळल्यासारखा वाटला. ‘मास्तर,’ ते हळूच म्हणाले, ‘ओम्नीचा भोपळा बरोब्बर कुठं असतो, बघितलाय का तुम्ही?’

वहिनी आत गेल्या आणि मोराची चादर घेऊन आल्या.