व्हाळाचे मालक

कोकणातल्या नद्या मुळातच घाईच्या. सह्याद्रीत जन्मायचं आणि पन्नास-साठ किलोमीटरांत समुद्र गाठायचा, त्यात फुरसत कसली? त्यांना मिळणारे व्हाळ तर त्याहून उतावळे. सिंधुदुर्गातल्या गावागावांत असा एखादा व्हाळ असतो. नकाशात तो सापडत नाही. गावात मात्र त्याच्या काठी तीन वाड्या असतात, म्हणजे तीन मालक.

पावसाळ्यात ही मालकी कुणालाच नको असते. ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, लाल पाणी मळ्यांत शिरतं, तेव्हा तो ‘तुमचा व्हाळ’ असतो. अपवाद चढणीच्या माशांचा. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर येतात आणि रात्री बॅटऱ्या घेऊन तिन्ही वाड्या पाण्यात उतरतात. गाबोळीने भरलेला मासा पानात असताना ‘पुढच्या वर्षी मासे कुठून येणार?’ असं विचारणाऱ्याला कुणी दुसऱ्यांदा वाढत नाही. मी विचारत नाही.

खरी गंमत भातकापणीनंतर. दगड, माती, सिमेंटच्या रिकाम्या गोणी जमवून वरची वाडी श्रमदानाने बांध घालते. खाली पाट आटतो, पोफळींचं शिंपणं अडतं, वायंगणी भात माना टाकतं.

“पाणी खंय गेला?”

“वरच्यांका इचार.”

वरच्यांचं उत्तर तयार असतं : “आमी अडवतंव खंय? जिरवतंव!” शास्त्रही त्यांच्याच बाजूचं. अडलेलं पाणी मुरतं, खालच्या विहिरींना पोचतं. पण जानेवारीत पाटात नसलेलं पाणी मे महिन्यात विहिरीत असेल, यावर विश्वास ठेवायला माणूस संत हवा, नाहीतर इंजिनीयर. मग एखाद्या रात्री बांधातली गोणी आपोआप सरकते. आळ कुर्ल्यांवर येतो. कुर्ल्या बांधात बिळं करतातच, त्यामुळे तो टिकतोही.

पूर्वी व्हाळावर माडाच्या सोटांचा साकव असे. एका वेळी एकच माणूस जाई. समोरून वैरी आला तरी “तू ये आधी” म्हणावंच लागे. आता सिमेंटचा साकव झालाय. दोघं न बोलता एकमेकांशेजारून जातात. सोय झाली, पण भांडण मिटवायची एक जागा गेली.

गणपतीत मात्र तिन्ही वाड्यांचा कोंड एकच. पहिलं विसर्जन कुणाचं, यावर आरत्या लांबत जातात. वरची वाडी म्हणते, पाणी आमच्याकडून येतं, मान आमचा. खालची म्हणते, मग पोचवायलाही आमच्याकडूनच जातं. मधली वाडी तोवर प्रसाद वाटून मोकळी झालेली असते.