दोघांनी मिळून डॅन्यूब उतरण्याची सोपी पद्धत
(नवशिक्या दांपत्यांसाठी)

पात्रता

लग्नाला पुरेशी वर्षं झालेली असावीत. कोणत्या विषयावर बोलायचं नाही हे दोघांनाही पाठ झालं, की तेवढी वर्षं पुरे. नवपरिणितांनी या फंदात पडू नये. त्यांच्यासाठी व्हिएन्ना आणि बुडापेस्टला जेवणासकट फेऱ्या असतात, त्या करून हॉटेलवर परतावं. पोहता आलं पाहिजे. शिवाय इंजिन चालू असताना बोटीच्या एका टोकाचं बोलणं दुसऱ्या टोकाला ऐकू जात नाही. तेव्हा न ऐकलेल्या वाक्याला "हो हो" म्हणायची सवय नवऱ्याने निघण्यापूर्वीच सोडलेली बरी.

बोट आणि कागद

हॉलंडमध्ये बांधलेली जुनी पोलादी मोटरबोट घ्यावी. दहा-बारा मीटर लांब, पाण्याखाली साधारण मीटरभर. दहा बाय बाराच्या खोलीत संसार केलेल्यांना तिच्यात काही अवघड वाटणार नाही. बाकीच्यांनी आधी घरातल्या बाथरूममध्ये दोघांनी एकदम दात घासून पाहावेत. शौचालयाला हातपंप असतो आणि खाली एक टाकी असते. टाकी भरत आली आहे हे सांगणारा माणूस नेहमी एकच असतो आणि ती रिकामी करणारा नेहमी दुसरा. याहून जास्त तपशिलात इथे जाण्याची गरज नाही.

नदीवर बोट हाकायला इंटरनॅशनल सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्स लागतं आणि त्यासाठी 'सेवनी' या युरोपीय नदी-नियमांची परीक्षा द्यावी लागते. ती दोघांनीही द्या. एकानेच दिली तर तो कप्तान होतो, आणि कप्तान झालेल्या माणसाला परत नवरा करायला फार दिवस लागतात.

नदीपर्यंत पोहोचणं

हॉलंडहून ऱ्हाइन आणि मग माइन चढत जर्मनीतल्या बामबेर्गला यायचं. तिथून माइन-डॅन्यूब कालवा लागतो: १७१ किलोमीटर, १६ लॉक (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणारे बंदिस्त कप्पे), आणि मध्ये समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरचा माथा. तेवढ्या उंचीवर बोट पाण्यातूनच चढते आणि पाण्यातूनच पलीकडे उतरते. या दोन नद्या जोडायला शार्लमेन राजाने ७९३ साली खोदाई सुरू केली होती. आजचा कालवा पुरा झाला १९९२ साली. बोटीचा दिवाणखाना रंगवायचं काम 'या आठवड्यात नक्की' असं कोणी म्हणालं, तर ही दोन सालं मनात आणावीत आणि गप्प बसावं.

केलहाइमला कालवा डॅन्यूबला मिळतो. काठावर किलोमीटरच्या पाट्या दिसू लागतात आणि त्या उलट्या असतात. शून्य आहे काळ्या समुद्रापाशी सुलिनाला, आणि तुम्ही उभे आहात चोवीसशेच्या पुढे. बुडापेस्टला १६४७, बेलग्रेडला ११७० अशी ही उतरती भांजणी. रोज संध्याकाळी वहीत आकडा लिहिणाऱ्या नवऱ्याला यात भारी समाधान मिळतं. लिहू द्यावं, तेवढा वेळ तो इंजिनचं झाकण उघडत नाही.

मुख्य धडा: सुकाणू कोणाकडे?

एखाद्या लॉकच्या भिंतीवर जरा वेळ उभे राहा आणि येणाऱ्या बोटी पाहा. बहुतेक बोटींवर धिप्पाड गृहस्थ टोपी घालून सुकाणूशी उभे असतात, आणि त्यांच्या निम्म्या वजनाची बाई नाळेवर वाकून, हातात ओला दोर घेऊन, दहा-पंधरा टनांची बोट भिंतीला लावायची खटपट करत असते. दोर चुकला की गृहस्थ ओरडतात. ओरडायला त्यांना सवड असते, कारण सुकाणू फिरवायला दोन बोटं पुरतात.

ही वाटणी उलटी आहे. ताकद लागते ती दोराला. उडी मारायची तर तीही दोरवाल्याने, आणि हात सोलून निघाले तर त्याचेच. सुकाणूला हवी नजर, अंदाज आणि घाई न करण्याचा स्वभाव. या तीन गोष्टी घरात कोणाकडे आहेत हे प्रत्येकाला ठाऊक असतं, फक्त बोटीवर पाय ठेवला की विसरायला होतं. म्हणून नियम असा: सुकाणू तिच्याकडे, दोर त्याच्याकडे. नवरा म्हणेल, "अगं, पण प्रवाह!" त्याला सांगावं की प्रवाह दोघांनाही सारखाच लागतो.

दोघांच्या बोलण्यासाठी कानाला लावायचे बिनतारी हेडसेट मिळतात. इंग्रज आणि अमेरिकन बोटवाले त्यांना 'मॅरेज सेव्हर' म्हणतात. घ्यावेत. पण त्यांच्यात एक दोष आहे: पुटपुटलेलंही ऐकू जातं.

लॉक

ऑस्ट्रियातली बहुतेक लॉक २३० मीटर लांब आणि २४ मीटर रुंद. ती बांधली मालवाहू बार्जसाठी, तुमच्यासाठी नाही. आधी मोठी जहाजं आत जाणार, मग जागा उरली तर तुम्ही. रेडिओवर परवानगी मागायची, लाल दिवा हिरवा होईपर्यंत प्रवाहात जागच्या जागी तरंगत राहायचं, आणि या काळात कोणताही कौटुंबिक विषय काढायचा नाही.

आत गेल्यावर भिंतीच्या खोबणीत लोखंडी खुंट दिसतात. काही पाण्याबरोबर वर-खाली होणारे तरते असतात. दोर अशा खुंटाभोवती टाकून मोकळं टोक हातात धरायचं. पाणी उतरू लागलं की खुंटही उतरतो, आणि उतरताना खोबणीत घासून असा काही विव्हळतो, की पहिल्यांदा ऐकणारा माणूस इंजिनकडे धावतो. धावू नये. खुंटाकडे बघत राहावं, कारण कधीकधी तो अडकतो. खुंट वर, पाणी खाली आणि दोर घट्ट बांधलेला असला, तर बोट भिंतीला टांगली जाते. म्हणून उतरत्या लॉकमध्ये दोराला गाठ मारायची नाही, कधीच नाही, आणि धारदार सुरी हाताशी ठेवायची. दोर तुटला तर नवा मिळतो. नेमक्या अशा वेळी पुढील संभाषण होतं:

"अहो, दोर सोडा!"

"कुठला?"

"तुमच्या हातातला!"

घाबरू नका, सगळ्यांच्याच बोटीवर होतं. स्लोव्हाकियातल्या गाब्चिकोवोला बोट सुमारे २० मीटर खाली जाते. तळाशी पोहोचल्यावर दोन्हीकडे ओल्या काँक्रीटच्या भिंती आणि वर आकाशाची पट्टी. तिथे आवाज घुमतो, म्हणजे तुमचं बोलणं वर चौकीत बसलेल्या माणसालाही पोहोचतं. त्याला मराठी येत नाही, पण सूर कळतो.

त्यानंतर थेट सर्बिया-रुमानियाच्या हद्दीवरच्या 'लोखंडी दरवाजा' नावाच्या घळीपर्यंत एकही लॉक नाही. शेकडो किलोमीटरची ही सुट्टी सत्कारणी लावावी.

धक्क्याला लागणं आणि मोठी जहाजं

प्रवाहाबरोबर येऊन धक्क्याला लागायचं नसतं. आधी धक्क्याच्या पुढे जायचं, बोट पूर्ण वळवायची, आणि तोंड प्रवाहाकडे करून हळूहळू जवळ यायचं. वर चढणाऱ्या बोटीला ब्रेक लागतो तो पाण्याचाच. हे नवऱ्याला पटायला वेळ लागतो, कारण त्यात आलेल्या रस्त्याने थोडं मागे जावं लागतं. धक्क्यावर कोणी मदतीला धावला तर दोर द्या, पण काय करायचं ते तुम्हीच सांगा. मदतीला आलेले लोक दोर मिळताच पहिल्यांदा ओढतात.

समोरून प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या बार्जने उजव्या बाजूला निळी पाटी आणि लुकलुकणारा पांढरा दिवा दाखवला, तर तिला नेहमीची बाजू सोडून उजव्या बाजूने उजवीकडे पार व्हायचं आहे. बाजू ठरवण्याचा हक्क चढणाऱ्याचा. हा नियम अख्ख्या नदीवर पाळतात आणि त्यावर वाद घालायला कोणी थांबत नाही.

पोटपाणी

ऑस्ट्रियातल्या वाखाउच्या खोऱ्यात जुलैत जर्दाळू घ्यावेत. सर्बियात भोपळी मिरच्या घ्याव्यात. गॅस सिलिंडरचं तोंड देशागणिक बदलतं, तेव्हा जोडण्यांची पिशवी जवळ ठेवा. फोडणी देताना छताची झडप उघडी ठेवावी. मोहरी बाहेर उडाली तरी हरकत नाही, धुराचा अलार्म वाजला तर शेजारच्या बोटीवरचे लोक बादल्या घेऊन येतात. खालच्या नदीवर डिझेलचे पंप विरळ आहेत. काठावर उतरून गावातल्या पेट्रोलपंपावरून कॅन भरून आणावे लागतात. हे काम दोरवाल्याचं.

शिक्का

हंगेरीतल्या मोहाचला शेंगेनमधून (युरोपातल्या विनातपासणी प्रवासाच्या टापूतून) बाहेर पडायची नोंद होते. पुढे सर्बिया. इथे 'क्रू लिस्ट' द्यावी लागते, अनेक प्रतींत. तुमच्या यादीत दोनच नावं, पण रकाने सगळे भरावे लागतात, आणि एकासमोर 'कप्तान', दुसऱ्यासमोर 'खलाशी' असं लिहावं लागतं. यावरून धक्क्यावर वाद झाला तर मागे उभे असलेले हात जोडून वाट पाहत नाहीत, हे लक्षात ठेवा. उपाय सोपा आहे: एक देश त्याचा, एक देश तिचा.

आणि शिक्का लागतो, बोटीचा शिक्का. खासगी बोटीला तो असायलाच हवा असं कुठे लिहिलेलं नाही, पण यादीवर गोल शिक्का दिसला की टेबलामागचा चेहरा निवळतो. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. निघतानाच बोटीचं नाव आणि नांगराचं चित्र असलेला एक रबरी शिक्का बनवून घ्या, सोबत शाईचा पॅड. शिक्का मारण्याचं काम मात्र रोज आलटून-पालटून करावं, कारण दोघांनाही तेच हवं असतं.

लोखंडी दरवाजा

बेलग्रेडच्या पुढे डोंगर जवळ येतात आणि नदी त्यांच्यातून वाट काढते. डावीकडे रुमानिया, उजवीकडे सर्बिया. (डावं-उजवं नेहमी प्रवाहाकडे तोंड करून नव्हे, प्रवाहाबरोबर तोंड करून मोजतात. यावरही वाद होईल.) सर्बियाच्या कड्यावर रोमन सम्राट ट्राजनचा शिलालेख आहे. १९७२ साली पुऱ्या झालेल्या धरणामुळे पाणी चढणार होतं, म्हणून तो कापून वर सरकवावा लागला. आता तो बोटीतूनच नीट दिसतो. समोरच्या काठावर डेशियाचा राजा डेसेबालसचा भलामोठा चेहरा खडकात कोरलेला आहे, तो १९९४ ते २००४ या काळातला. नवरा फोटो काढायला मागे वळेल. सुकाणू त्याच्या हातात नसल्याचा फायदा इथे कळतो.

आणि एक व्यावहारिक अडचण. रुमानियाचं घड्याळ सर्बियाच्या एक तास पुढे असतं. नदीच्या मध्यावर दोघांचे फोन दोन वेगळ्या काठांचे टॉवर पकडतात, म्हणजे एकाच्या मते जेवायची वेळ झालेली असते आणि दुसऱ्याच्या मते अजून तास आहे. स्वयंपाक जो करतो त्याचा फोन प्रमाण मानावा.

धरण उतरताना लॉक दोन टप्प्यांत आहे. सुरी पुन्हा बाहेर काढा. पुढे प्राहोवोजवळ खुणेच्या बोयांना चिकटून राहा. १९४४ साली माघार घेताना जर्मनांनी आपली जहाजं तिथे स्वतःच बुडवली, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात पाणी ओसरलं तेव्हा त्यांचे सांगाडे वर आले होते.

सुलिना

खालच्या टप्प्यात बल्गेरिया आणि रुमानिया, लांबच लांब बेटं, डास, आणि काठावर गुरं. त्रिभुजप्रदेशात पेलिकन दिसतील. २०२२ पासून युक्रेन युद्धामुळे तिथली परिस्थिती बदलती आहे. तुल्चाला पोहोचल्यावर बंदरात चौकशी केल्याशिवाय पुढे निघू नये, मग नवरा काहीही म्हणो.

पाटीवर शून्य आल्यावर तीन वाटा असतात. बोट विकणं: गिऱ्हाईक हॉलंडात असतं आणि बोट इथे. समुद्रात उतरून तुर्कस्तानकडे जाणं: बोट नदीची आहे, लाटा समुद्राच्या, आणि जाण्याआधी क्रू लिस्ट आहेच, तेव्हा पॅड सुकला असेल तर शाई घ्या. तिसरी वाट परत वर, प्रवाहाविरुद्ध. डिझेल जास्त लागेल आणि लॉकमध्ये चढताना दोर सोडत नाही, आखडत जावं लागतं. पण निळी पाटी दाखवायचा हक्क आता तुमचा. कोणत्या बाजूने जायचं ते तिने ठरवावं.