दत्तक डॉक्टर

डॉक्टर व्हायला साडेचार वर्षं आणि वर इंटर्नशिपचं एक, असा सरकारी हिशेब आहे. आमच्या कामरगावात एवढा वेळ कोणाला? ‘नीट’च्या यादीतून नंबर लागला त्याच संध्याकाळी मी डॉक्टर झालो. पेढा हातात घेतानाच एका काकांनी दुसरा हात नाडी बघायला पुढे केला.

पूर्वी आमच्या भागातलं पोरगं मेडिकलला लागलं की बहुतेक नागपूर गाठायचं. तिथलं कॉलेज १९४७चं, आणि मुख्य म्हणजे लांब. २००२ साली अकोल्यात सरकारी कॉलेज निघालं आणि अंतराचं ते संरक्षण गेलं. माझं कॉलेज कोणतं ते सांगत नाही. परीक्षा अजून व्हायच्या आहेत.

पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. म्हणजे रोज गाठ पडते ती अशा माणसाशी, ज्याची आता काहीच तक्रार उरलेली नाही. गावात उरलेले सगळे राहतात.

दिवाळीनंतर अप्पर लिंबची, म्हणजे हाताची, तोंडी होती, म्हणून हाडांचा बोन सेट घेऊन एसटीनं घरी आलो. आजीनं फराळाचा डबा समजून पिशवी उघडली.

“कोनाचे हायेत रे हे?”

“सीनियरचे.”

आजीनं हात जोडले. “बिच्चारं लेकरू! कायनं गेलं?”

सीनियर धडधाकट आहे, त्यानं हा सेट त्याच्या सीनियरकडून घेतला होता, हे मी नाना प्रकारे सांगितलं. तरी पिशवीची रवानगी गोठ्यात झाली, आणि तिच्यामागे माझीही. क्लॅव्हिकल डावं की उजवं हे ओळखण्यात अख्खी भाऊबीज गेली. म्हैस मात्र श्रोता म्हणून उत्तम. मनगटाची आठ हाडं मी तिला ओळीनं म्हणून दाखवली. सातव्यावर अडलो तरी तिनं “नेक्स्ट” म्हटलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. “डॉक्टर, माह्या गुडघ्याचं पाहा ना जरा.”

“काकू, मी अजून हातापर्यंतच आलोय. पाय मार्चमध्ये आहे.”

“बरं, मंग मार्चात येतो,” म्हणून त्या शांतपणे गेल्या. आमच्या अभ्यासक्रमावर एवढा विश्वास आमच्या वर्गात कोणाचाही नाही.

हजेरी हा आणखी एक प्रकार. कॉलेजात थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८०. गावात लग्न, बारसं, तेरवी मिळून १०० टक्के, आणि तिथे प्रॉक्सी चालत नाही. तेरवीला तर डॉक्टरनं जाऊच नये असं माझं मत आहे. पंगतीत लोक फार बारीक प्रश्न विचारतात.

आता तर विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासूनच खेड्यातली कुटुंबं दत्तक घ्यायची, त्यांच्या घरी जाऊन वजन, बीपी, विचारपूस नोंदवायची, असं अभ्यासक्रमातच आलं आहे. कामरगावानं मला आधीच दत्तक घेतलंय, हे कॉलेजला सांगून उपयोग नव्हता. वेगळं गाव मिळालं. पहिल्याच घरी मी पांढरा अ‍ॅप्रन सावरत वजनकाटा जमिनीवर ठेवला. घरातल्या आजोबांनी काट्याकडे पाहिलं, मग मेसच्या वरणावर पोसलेल्या माझ्याकडे.

“आंधी तू उभा राह्य.”

राहिलो. आजोबांनी वाकून आकडा वाचला आणि आत आवाज दिला, “दोन भाकरी जास्तीच्या टाक वं!”