एक बोट जागा खाणाऱ्या साहेबांस खुले पत्र

रा. रा. साहेब,


आपलं नाव मला ठाऊक नाही. सायकलच्या नळीवर कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत असतं, पण तिला ब्रेक कुणी ठरवला हे कुठंच लिहिलेलं नसतं. म्हणून हे पत्र छापूनच पाठवतोय. आपण स्वतःला लगेच ओळखाल. जाड दातेरी टायर, त्यावर मडगार्ड आणि दोघांच्या उरावर बसलेला कॅलिपर ब्रेक, ही तिघांची गाठ ज्यांनी बांधली ते आपणच. लग्नाला नवा सूट शिवावा आणि बूट मात्र धाकट्या भावाचे घालावेत, तशी ही सायकल दिसते. तिघांच्या मधे एक बोट जात नाही. एवढी काटकसर आमची ग्रामपंचायतसुद्धा करत नाही.

पत्र परभणी जिल्ह्यातून येतंय. आपण उन्हाळ्यात इकडं आलात, तर आपला काहीच गुन्हा दिसणार नाही. जमिनीला पाय अडकेल अशा भेगा, रस्त्यावर घोट्याएवढा फुफाटा, आणि आपली सायकल त्यातून झोकात जाते. गुन्हा उघडा पडतो तो मृग लागल्यावर.

आमची जमीन काळी. दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन तयार झालेली, चिकणमातीनं गच्च. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. ती ओल धरून ठेवते, म्हणून रब्बीची ज्वारी थंडीत नुसत्या ओलीवर येते. पिकाला तारणारा तिचा हा गुणच चाकाला धरतो. परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. चिकटपणा म्हणजे काय, हे तिथं कुणीही समजावून सांगेल. पण आपल्याला विचारायचं सुचलं नसावं. सायकलचा आणि जमिनीचा संबंध काय, नाही का?

तो संबंध जवळून दाखवतो. पांदण रस्त्यावर चाकाचे पहिले काही फेरे आपली सायकल शहाण्यासारखी चालते. टायरच्या दात्यांत माती बसते. त्या मातीवर माती. मग तिच्यात गवताची काडी, गेल्या साली सांडलेलं सोयाबीनचं भुसकट, एखादा खडा. हा थर फिरत फिरत पुढच्या चिमट्याच्या माथ्याखाली येतो. तिथं आपल्या ब्रेकचे दोन हात मडगार्डच्या कडा आत दाबून बसलेले असतात. थर तिथं खरवडला जातो, पण खाली पडत नाही, मडगार्डच्या आत ठासून बसतो. पुढचा फेरा त्याला आणखी ठासतो. शेवटी चाक फिरायचं थांबतं आणि नुसतं घसरत जातं. तिथून पुढं सायकलवर आपण बसायचं नसतं, सायकलीला आपल्या खांद्यावर बसवायचं असतं.

मग कुंपणातली तुराटी मोडायची आणि मडगार्डच्या आत घालून उकरायला लागायचं. तुराटी मोडते, माती हलत नाही. मग पऱ्हाटी शोधायची, ती जरा टणक. निम्मी माती निघते तोवर शाळेची घंटा झालेली असते. यातली आपली कल्पकता मात्र मानायलाच हवी. आपला ब्रेक न दाबता लागतो. दाबल्यावर तेवढा लागत नाही, कारण तोवर रिमवर चिखलाचा लेप चढलेला असतो आणि ब्रेकचे रबरी गुटके त्या लेपावरून अलगद सरकतात.

ही सायकल इकडं कोण चालवतं, याची आपल्याला कल्पना आहे का? मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल घ्यायला पैसे मिळतात. साडेतीन हजार होते, 2022 मध्ये पाच हजार झाले. बाप त्यात आणखी काही घालतो आणि पोरीला घेऊन दुकानात जातो. पोरीला जाड टायरची आवडते. त्यात तिचं काही चुकत नाही. खडीवर, खड्ड्यात, फुफाट्यात जाड टायर खरोखरच बरा. हवा थोडी कमी ठेवता येते, हात कमी बधिर होतात. तिनं टायर बरोबर निवडला. त्याच्यावर काय बसवायचं, हे तिच्या हातात नव्हतं. ते आपल्या हातात होतं.

आपण करून ठेवलेल्या घोळावर नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्या चाचांकडं एकच उतारा असतो. "मडगार्ड निकाल डालो, झंझट खतम." चाचांचा दोष नाही, त्यांना दुसरं काही करायला आपण जागाच ठेवली नाही. पण मडगार्ड निघालं की मागच्या चाकाचा चिखल थेट पाठीवर उडतो. कमरेपासून वेणीपर्यंत काळी रेघ. मुलगा असला तर हसून मोकळा होतो. नववीतली मुलगी ती रेघ घेऊन पहिल्या तासाला फळ्यापुढं उभी राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोट दुखतंय म्हणते. पुस्तक भिजतं, डबा भिजतो, गणवेश एकच असतो. आपल्या लेखी मडगार्ड म्हणजे शोभेचा पत्रा. आमच्याकडं त्याच्यावर हजेरी ठरते.

आता जरा मोजपट्टी घ्या. नसली तर पोरीच्या कंपासपेटीतली देतो.

ब्रेक ज्या बोल्टनं चिमट्याला बसतो, त्या बोल्टच्या मध्यापासून गुटका रिमवर टेकतो तिथपर्यंत सरळ खाली मोजा. ही ब्रेकची पोच. शर्यतीच्या सायकलींचे कॅलिपर साधारण 39 ते 49 मिलिमीटर पोचीचे असतात, मधल्या जातीचे 47 ते 57चे, आणि लांब हातांचे सत्तरीच्या आसपास जातात. याच उंचीत टायर बसवायचा, टायरवर मोकळी जागा सोडायची, मग मडगार्ड, मग ब्रेकचा हात. आपला 1.95 इंची टायर म्हणजे सुमारे 50 मिलिमीटर, आणि टायर रिमच्या वर जवळजवळ आपल्या रुंदीएवढाच उभा राहतो. 57मधून 50 गेले, राहिले 7. त्यातून गुटक्याला रिमच्या कडेखाली पाच-सहा मिलिमीटर लागतात, आणि ब्रेकचा हात बोल्टच्या खाली आणखी जागा घेतो. बाकी वजा येते. चौथीतल्या पोराला जमेल असं हे गणित आहे.

आपण म्हणाल, आम्ही लांब हातांचा कॅलिपर लावलाय. लावलात, उपकार झाले. सत्तरमधून पन्नास गेले, उरलेल्या विसात गुटका, मडगार्ड आणि हाताची जाडी बसवली. मातीला किती उरलं? नखाएवढं. शिवाय कॅलिपरचा हात जितका लांब, तितका तो दाबल्यावर वाकतो आणि तितकी पकड ढिली पडते. आपले हात तर पत्र्याचे. म्हणजे जागाही गेली आणि ब्रेकही गेला. एका दगडात दोन पक्षी मारणारे पुष्कळ पाहिले, पण स्वतःच्याच कोंबड्या मारणारे आपण पहिलेच.

दुसरा पराक्रम 'सव्वीस'चा. आपण दोन वेगवेगळ्या टायरांवर ठळक अक्षरांत 26 छापता. 26 × 1⅜ चा रिम 590 मिलिमीटर व्यासाचा, 26 × 1.95 चा 559चा. 590चा रिम वाकला म्हणून गावातला माणूस आपल्या मनानं दुसरा सव्वीस बसवतो, आणि ब्रेकचा गुटका साडेपंधरा मिलिमीटर वर, टायरवर घासू लागतो. खरा आकडा टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत असतो, 50-559 असा. पहिला रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा. तो वाचायला भिंग लागतं आणि 26 मात्र रस्त्यापलीकडून दिसतो. ही रचना अपघातानं झाली असं मी मानणार नाही. आपला एवढा अपमान मी करणार नाही.

उपाय नव्हते असंही नाही. कँटिलिव्हर ब्रेकला चिमट्यावर दोन बाजूंना दोन खुंट जोडलेले असतात. दोन्ही हात टायरच्या कडेला उभे, टायरच्या माथ्यावर फक्त एक वायर. चिखलातल्या सायक्लोक्रॉस शर्यती बेल्जियममध्ये धर्मासारख्या पाळतात, आणि तिथं कित्येक दशकं याच ब्रेकनं राज्य केलं. सायकलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2010 मध्ये त्या शर्यतींत डिस्क ब्रेकला परवानगी दिली, मग हळूहळू सगळे तिकडं वळले, कारण डिस्क हबजवळ असते, रिम चिखलानं माखला तरी तिचं फारसं बिघडत नाही.

शिमानोनं 1990च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आणलेला व्ही-ब्रेक आता खेड्यातल्या दुकानातही मिळतो. खुंट तेच, हात लांब, पकड जबरदस्त. त्यातही डोळे उघडे ठेवावे लागतात. शंभर मिलिमीटरच्या पुढचे हात असले तर आडवी वायर मडगार्डच्या वरून सुखानं जाते. ऐंशी-पंचाऐंशीचे आखूड हात लावले, की ती मडगार्डवर टेकते आणि आपण पुन्हा जुन्याच पानावर. हँडलवरची ब्रेक दाबायची मूठही व्ही-ब्रेकचीच लागते. कॅलिपरची मूठ वायर कमी ओढते, मग मूठ हँडलला टेकली तरी गुटके रिमला पुरते टेकत नाहीत. दुकानातला पोरगा "बसतंय ना" म्हणतो. बसतं हो, फक्त थांबत नाही.

आणि हे सगळं नवीन वाटत असेल तर आपल्या आजोबांची काळी सायकल आठवा. 28 × 1½ चा टायर, दांडी ब्रेक. त्याचे गुटके रिमच्या बाजूंना चावत नसत, स्पोकच्या बाजूनं वर ओढले जात, आणि ब्रेकची कमान टायरच्या दोन्ही अंगांनी मोकळी उभी असे. पावसात ते ब्रेक फार लागत नसत. क्रोमचा ओला रिम आणि उतार समोर आला, की जोड्याचा तळ हाच खरा ब्रेक. त्याचं गुणगान मला करायचं नाही. पण चिमटा उंच होता, मडगार्ड रुंद होतं, आणि दुधाचे कॅन लावलेली ती सायकल बऱ्याच चिखलातून निघत असे. ती जागा कुणीतरी विचार करून ठेवली होती. आपण विचार करून काढून घेतली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, हे आपल्या धंद्यात असून आपल्याला माहीत असेलच. सायकलवरून हा माणूस पुढं लोखंडी नांगराकडं वळला. लोखंडानं जमीन नासेल, असं शेतकऱ्यांना वाटायचं, सुरुवातीला नांगर खपत नव्हते. त्यांनी नांगरावरची मेहनत सोडली नाही. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यातून. आपण मात्र जमिनीनंच सायकलशी जुळवून घ्यावं, अशी वाट बघत बसला आहात. तिनं अजून प्रतिसाद दिलेला नाही.

आम्ही परभणीकर "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं म्हणत फिरतो आणि लोक हसतात. हसू द्या. पण जर्मनीत रोजच्या वापरासाठी जी सायकल विकतात, तिला रुंद टायर, त्यावर पुरेशा अंतरानं मडगार्ड, दिवा आणि कॅरिअर कारखान्यातूनच बसवून येतं. आपली सायकल तिच्याशेजारी उभी करा. म्हण खोटी पाडण्याचं काम कुणी केलं ते दिसेल.

तेव्हा मागण्या फार नाहीत. जाड टायर देणार असाल तर चिमट्यावर खुंट जोडून पूर्ण लांबीचा व्ही-ब्रेक द्या, किंवा डिस्क द्या. मुठी त्याच ब्रेकच्या द्या. मडगार्ड टायरपेक्षा रुंद करा आणि त्याचे नट हातानं सुटणारे ठेवा, म्हणजे बांधावर पाना शोधावा लागणार नाही. एवढं परवडत नसेल तर टायर बारीक द्या, पण त्याच्याभोवती जागा सोडा. आणि मडगार्डसकट किती रुंद टायर मावतो, तो आकडा किमतीच्या शेजारी छापा, 26 छापता तेवढ्याच ठळक.

नाही केलंत तरी चालेल. आम्ही गावातल्या पोरींना सायकल घ्यायची नवी रीत शिकवतोय. घंटी वाजवून बघायची नाही, रंग बघायचा नाही. टायर आणि मडगार्डच्या मधे आपलं बोट घालायचं, एकदा पुढं ब्रेकखाली, एकदा मागं पायडलच्या दांड्याजवळ, आणि चाक हळूच फिरवायचं. बोट अडकलं की सायकल तिथंच सोडून पुढच्या दुकानात जायचं. पैसे त्यांच्या खात्यात येतात, आपल्या नाही.

कळावे.

आपला,
नववीतल्या एका सायकलस्वार मुलीचा बाप,
जि. परभणी