मोमोचे आजोबा

पुण्यातल्या प्राण्यांच्या कुठल्याही दवाखान्यात संध्याकाळी डोकावलं, तर बाकावर साठी उलटलेले एक गृहस्थ हमखास दिसतात. मांडीवर मांजर न्यायची पेटी, खिशाला पेन, काखेत फाइल. आतून हाक येते, "मोमोचे आजोबा आलेत का?" ओळखीचं कुणी बघत नाही ना, याची खात्री करून मगच गृहस्थ उठतात.

हा नमुना कोथरूड, औंध, सिंहगड रस्ता, झालंच तर ठाणे-डोंबिवलीतही आता मुबलक सापडतो. त्याची जन्मकथा ठरलेली. मुलगी पार्किंगमधून भिजलेली दोन पिल्लं उचलून आणते. वडील जाहीर करतात, "या घरात एक तर मी राहीन, नाही तर मांजर." महिन्याभरात मुलगी नोकरीसाठी जर्मनीला जाते. पिल्लं राहतात, वडीलही राहतात.

नावांच्या बाबतीत मात्र त्यांनी हार मानलेली नसते. मुलीनं ठेवलेली नावं मोमो आणि कॉफी. खाण्यापिण्याच्या जिनसांवरून कुणाला हाक मारणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही, म्हणून ते त्यांना मोरोपंत आणि काशीबाई म्हणतात. पिल्लं यातल्या कुठल्याच नावाला ओ देत नाहीत. मांजराला स्वतःचं नाव कळतं, हे जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं आहे. म्हणजे कळत असून ओ देत नाहीत.

पुढे ही जोडी खिडकीत बसून कबुतरांकडे बघत दात कटकटवू लागते आणि आजोबांच्या मनात येतं, यांना बाहेरचं जग दाखवलं पाहिजे. आजी म्हणतात, "मग उघडा दार, बघतील की." आजींच्या माहेरी, वाईला, मांजरी आपली पिल्लं तोंडात धरून सात घरं फिरवून आणायची, त्यासाठी कुणी बैठक बोलावत नसे. पण आजोबांची हयात बँकेच्या कर्जखात्यात गेलेली. कागद पुरे झाल्याशिवाय ज्यांच्या हातून रुपया सुटला नाही, त्यांच्या हातून मांजर कसं सुटणार?

फाइल तयार होते आणि पंचाईत तिथूनच सुरू होते, कारण जगाचं या प्रश्नावर एकमत नाही. इंग्लंडातले मांजरवाले सांगतात, लस, नसबंदी आणि मायक्रोचिप झाली की पाच-सहा महिन्यांचं पिल्लू खुशाल बागेत सोडा. चिप तर तिथं जून २०२४ पासून कायद्यानं सक्तीची आहे. अमेरिकेतले पक्षिप्रेमी म्हणतात, उंबरा ओलांडू देऊ नका. तिथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भटकी आणि पाळीव मांजरं मिळून देशात वर्षाला किमान १३० कोटी पक्षी मारतात. आणि मुलीच्या जर्मनीत वालडॉर्फ नावाच्या गावात २०२२ साली तुरेवाल्या चंडोलाची पिल्लं वाचावीत म्हणून ऑगस्टअखेरपर्यंत मांजरांना घरात ठेवण्याचा हुकूम निघाला. मांजर बाहेर दिसलं तर ५०० युरो दंड, चंडोल मारला तर ५०,००० युरोपर्यंत. आजोबांनी त्याचे रुपये केले आणि तो आकडा मोरोपंतांना मोठ्यानं वाचून दाखवला. मोरोपंत फाइलवरच झोपले.

पुण्यात असला दंड नाही. इथं भटकी कुत्री आहेत, डंपर आहेत आणि सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. तेव्हा ठराव झाला : मोकळं सोडायचं नाही, अंगाला पट्टा, पट्ट्याला दोरी आणि खालच्या बागेपर्यंतच. आजोबांच्या स्वभावाला कितीही हसा, शहरात यापेक्षा शहाणा ठराव कुणाला सुचलेला नाही.

लसीकरण हा त्यांचा आवडता अध्याय. आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी, वयाच्या सोळाव्या आठवड्यापर्यंत, शिवाय रेबीजची वेगळी. दवाखान्याच्या पुस्तिकेवर विसंबणं त्यांना जमत नाही, घरी दुसरी वही असते. नसबंदीचा विषय निघाला तेव्हा ते आधी छताकडे बघू लागले. मग डॉक्टर म्हणाले, मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. चक्रवाढ व्याज ज्यानं आयुष्यभर मोजलं, त्याला पुढचं सांगावं लागत नाही. तारीख त्याच दिवशी घेतली. शस्त्रक्रिया चालू असताना ते दाराबाहेर येरझारा घालत होते. मुलीच्या अपेंडिक्सच्या वेळी हेच ऑफिसला गेले होते, अशी नोंद आजींकडे आहे.

मग पट्टा आला. दोन बोटं आत जातील इतका सैल, असं वाचल्याप्रमाणे आजोबांनी तो बसवला. बक्कल लागल्याचा आवाज झाला, मोरोपंत दोन पावलं मागे सरकले, मागचा भाग जमिनीला टेकला आणि ओंडक्यासारखे एका कुशीवर आडवे झाले. पाय ताणलेले, डोळे सताड उघडे, नजर कपाटाच्या मुठीवर. आजोबांनी घाबऱ्या घाबऱ्या फोन लावला : "डॉक्टर, अर्धांग!" डॉक्टर हसले. अंगाभोवती काही आवळलं की बरीच मांजरं अशीच पडून राहतात. रोज जेवणाआधी पाच मिनिटं घाला, दोरी लावू नका, मग लगेच खायला द्या. हा उपाय लागू पडला. काही दिवसांनी पट्टा खुंटीवरून निघाला की मोरोपंत धावत येऊ लागले. ही सगळी कमाई पट्ट्यानंतरच्या माशाची होती, पण आजोबा याला संस्कार म्हणतात.

पहिली सफर दुपारी, एक ते चारच्या दरम्यान, कारण तेव्हा सबंध पुणं झोपलेलं असतं. पिल्लं उपाशी न्यायची, म्हणजे खाऊ दाखवला की परत येतात. त्यामुळे जन्मभर कांदालसणाच्या पलीकडे न गेलेल्या माणसाच्या खिशात सुकटीची पुडी आली. बागेत पेटी उघडून ठेवली. कुणी बाहेर येईना. आजोबा आत बघत "चला, चला" म्हणत राहिले. मांजराला ओढायचं नसतं, हेही त्यांनी वाचलं होतं, म्हणून ते गवतावरच मांडी घालून बसले. कामवाल्या मावशी जाता जाता म्हणाल्या, "काका, बरं वाटत नाही का?"

अखेर काशीबाई पोट जमिनीला घासत निघाल्या आणि सरळ हिरवळीवर जाऊन दूर्वा खाऊ लागल्या. मोरोपंतांनी एका अ‍ॅक्टिव्हाचं मागचं चाक निवडलं. बराच वेळ हुंगलं, मग वरचा ओठ उचलून, तोंड अर्धवट उघडं ठेवून शून्यात बघत राहिले. पुन्हा फोन : "डॉक्टर, धाप लागली!" धाप नव्हती. मांजराच्या टाळूत वास टिपणारं एक वेगळं इंद्रिय असतं, तिथपर्यंत वास पोचवण्यासाठी ते असं तोंड करतं. त्या चाकावर कुठला तरी बोका आपली सही करून गेला असणार. कागदपत्रं तपासल्याशिवाय पुढे न जाणारा प्राणी बघून आजोबांना त्याच्याबद्दल प्रथमच आदर वाटला. तेवढ्यात फाटकावर कुत्रं भुंकलं. मोरोपंतांची शेपूट फुलली आणि ते शर्टावरून चढून आजोबांच्या डोक्यावर जाऊन बसले. त्या नख्यांचे ओरखडे आजोबा अजून लोकांना दाखवतात.

सेक्रेटरींशी खडाजंगी झाली ती वेगळ्याच कारणावरून. ते कामासाठी वॉर्ड ऑफिसला निघाले होते आणि काशीबाई दोरीसकट समोरून गेल्या. सेक्रेटरी माघारी फिरले, पाणी पिऊन पुन्हा उतरले आणि तक्रार केली. आजोबांनी लेखी उत्तर दिलं : मांजर आडवं गेलेलं नाही. आडवा मी गेलो, ते माझ्याबरोबर होतं.

एरवी पिल्लं बाल्कनीत असतात. कबुतरांसाठी लावलेली जाळी पुरेल, असं आजींचं मत, शिवाय मांजर चार पायांवरच पडतं. आजोबांनी १९८७ चा न्यूयॉर्कचा अभ्यास काढला : इमारतींवरून पडून दवाखान्यात आलेली १३२ मांजरं, त्यातली नव्वद टक्के वाचली. आजी म्हणाल्या, "मग झालं तर." आजोबा म्हणाले, "जी जागीच गेली, त्यांना दवाखान्यात कोण नेणार?" नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं, म्हणून तारेची आली. आता खाली कबुतर बसलं की आत दोघं दात कटकटवतात आणि मागे खुर्चीत तिसरे गृहस्थ मान पुढे काढून बसलेले असतात.

परवा मुलीचा फोन आला. डिसेंबरमध्ये येते आहे, जाताना मोमो-कॉफीला घेऊन जाईन म्हणाली. आजोबांनी नियम वाचून ठेवलेच होते. भारतातून युरोपात मांजर न्यायचं तर आधी चिप, मग रेबीजची लस, किमान तीस दिवसांनी रक्ताची तपासणी, ते रक्त घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबायचं. सप्टेंबर उजाडायच्या आत रक्त द्यायला हवं होतं.

"बाबा, टेस्ट केली का?"

"प्रकरण चालू आहे," आजोबा म्हणाले, "एक कागद कमी पडतोय." कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही. कर्ज द्यायचं नसलं की ते असंच सांगत.